साखर पेठेत सेगा ड्रीमकास्ट

मशीन चालू केलं की आधी ते तारीख विचारतं. आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेली आहे, त्यामुळे दर वेळी पडद्यावर एकच तारीख येते: २७ नोव्हेंबर १९९८. जपानमध्ये ड्रीमकास्ट हे सेगा कंपनीचं व्हिडिओ गेमचं मशीन दुकानात आलं तो दिवस. बाहेर त्रेचाळीस अंश, खाली सोलापूरच्या साखर पेठेतल्या गल्लीत टेम्पोत चादरींचे गठ्ठे चढतायत आणि आमच्या माडीवरचा हा पांढरा डबा रोज मला सांगतो की आज त्याचा जन्म झाला. मी ए दाबतो आणि पुढे जातो.

वस्तू आली ती मेव्हण्याच्या कृपेने. तो पुण्याच्या एका आयटी कंपनीत आहे. कामासाठी आठ महिने ओसाकाला होता. तिथे निप्पोनबाशी भागात जुन्या मशीनांची दुकानं आहेत, तिथून त्याने दोन ड्रीमकास्ट उचलली, एक स्वतःला आणि एक मला. "दाजी, तुमच्यासाठी लै भारी वस्तू आणलीय," म्हणाला. सात हजार येनला एक, म्हणजे आपले चार हजार रुपये. सोबत एक कंट्रोलर, एक मेमरी कार्ड आणि तीन गेम. डब्यावर जपानी किंमतपट्टी अजून चिकटलेली आहे. मी ती काढली नाही, बायको काढायला टपलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: जपानी ड्रीमकास्ट १०० व्होल्टवर चालतं. आपल्या भिंतीत २३० आहे. मेव्हण्याने पुण्यात पोचल्या पोचल्या स्वतःचं मशीन साध्या पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने सरळ लावलं. फट् असा आवाज, जळका वास, खेळ खलास. इंजिनिअर माणूस. ते मेलेलं मशीन मग त्याने मलाच पाठवलं, आणि आता माझ्याकडे सुट्या भागांचा साठा आहे: लेन्स, पंखा, वरचं झाकण.

माझं मशीन वाचलं ते अशोक चौकाकडच्या वाइंडिंगवाल्या चाचांमुळे. चाचांनी आमच्या यंत्रमागांच्या मोटरी वीस वर्षं बांधून दिल्या. मी त्यांना २३० चं १०० करणारा ट्रान्सफॉर्मर मागितला. ते म्हणाले, "मालक, माग परत घेतले का काय?" मी म्हटलं नाही, व्हिडिओ गेम आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "किती वॅट?" वीस-बावीस. त्यांनी शंभर वॅटचा बांधून दिला. का, तर ह्या भागात व्होल्टेज उड्या मारतं, जरा तगडा असलेला बरा. साडेसहाशे रुपये. वजन दीड किलो, म्हणजे जवळपास ड्रीमकास्टइतकंच. लोखंडी पत्र्याच्या पेटीत बसवलेला, वर लाल दिवा. दिसायला मशीनपेक्षा तोच जास्त भारदस्त आहे.

डब्याबद्दल थोडं. साधारण एकोणीस सेंटिमीटरचा चौकोन, साडेसात सेंटिमीटर उंच. वर गोल झाकण आणि नारिंगी भोवऱ्याची खूण. युरोपात तीच खूण निळी होती. पुढे चार कंट्रोलरची भोकं. त्या काळात सोनीच्या मशीनला दोनच असायची, बाकीच्यांसाठी वेगळी वस्तू घ्यावी लागे. बाजूला मोडेम. होय, टेलिफोनची वायर लावायचा मोडेम, मशीनसोबतच दिलेला. १९९८ साली. आम्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून याहू उघडत होतो.

कंट्रोलर मात्र विचित्र. वायर वरून न निघता खालून, पोटाकडून निघते. ती मागच्या खाचेत अडकवून पुढे वळवावी लागते. अंगठ्याने फिरवायची काडी एकच. पण मागचे दोन खटके झकास. दाबाल तितका जोर मशीनला कळतो, त्यामुळे टॅक्सीच्या गेममध्ये अॅक्सिलरेटर खरोखर पायाखाली आहे असं वाटतं. क्रेझी टॅक्सी हा माझ्याकडच्या तीन गेमपैकी एक. जपानी येत नसलं तरी काही अडत नाही. गिऱ्हाईक उचला, उलट्या दिशेने घाला, फूटपाथवरून काढा, पैसे घ्या. सात रस्ता चौकात संध्याकाळी सात वाजता रिक्षा चालवणाऱ्याला ह्यात नवीन काही नाही.

जोडणी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जुन्या एकवीस इंची टीव्हीवर लावलं तर चित्र येतं, रंगही येतात, पण अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. खरा चमत्कार व्हीजीए केबलने, म्हणजे कॉम्प्युटर मॉनिटरच्या वायरीने होतो. आमच्या हिशेबनिसाच्या टेबलावर टॅली चालवून निवृत्त झालेला सतरा इंची डबडा मॉनिटर पडून होता. त्यावर लावलं आणि मी उडालोच. स्वच्छ, टोकदार, रसरशीत रंग. त्या काळच्या इतर मशीनांचं चित्र आठवून बघा, मग कळेल काय म्हणतोय ते. केबलचे नऊशे रुपये गेले, पण ह्या सगळ्या खरेदीतले सर्वांत सत्कारणी लागलेले तेच. काही मोजके गेम व्हीजीएवर चालायला नकार देतात, तेवढं धरून चाला.

आवाज. डिस्क वाचताना हे मशीन खडखडतं. हा बिघाड नव्हे, तेव्हाही असंच होतं. सेगाने साध्या सीडीऐवजी जीडी-रॉम नावाची स्वतःची चकती काढली, एक जीबीच्या आसपास मावणारी, आणि ती वाचताना लेन्स पुढे-मागे पळत असते. पहिल्या संध्याकाळी खालून अप्पांनी हाक दिली, "वर काय लावलंय रे? धोटा अडकल्यासारखा आवाज येतोय." अप्पा शहात्तरचे आहेत. कानाला यंत्र लावतात, पण मागावरच्या धोट्याचा आवाज त्यांना यंत्राशिवाय ऐकू येतो.

आणि आता ती वस्तू जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो: मेमरी कार्ड. व्हीएमयू म्हणतात त्याला. तळहातावर मावणारं, त्याला स्वतःचा बारकासा पडदा, ४८ बाय ३२ ठिपक्यांचा, चार दिशांची कळ आणि खेळायची दोन बटणं. कंट्रोलरच्या पोटात खुपसलं की त्याचा पडदा कंट्रोलरच्या खिडकीतून दिसतो. बाहेर काढलं की ते स्वतःच एक छोटं खेळणं, बसमध्ये खेळा. अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये पुढची चाल त्या पडद्यावर निवडायची सोय होती, म्हणजे शेजारी बसलेल्या भिडूला कळत नाही. हातातला दुसरा पडदा. १९९८ साली. त्याचे दोन गोल सेल संपलेले असले की मशीन चालू करताना लांबलचक कर्कश पीं असा आवाज येतो. शेजारच्या काकू एकदा गॅसचा अलार्म समजून जिन्यापर्यंत आल्या होत्या.

गेम फक्त सॉफ्टवेअर नसतो, हे व्हीएमयू हातात घेतल्यावर कळतं. ज्याने डबा बनवला त्यानेच गेम बनवला, म्हणून ही असली कल्पना सुचली. बाहेरचा गेमवाला कोणाच्या मेमरी कार्डाला पडदा लावायला जाणार?

भाच्याला हे पटत नाही. तो एकवीस वर्षांचा, वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग करतो, आणि रविवारी माडीवर येऊन माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं साधं: "मामा, डबा विकायचाच कशाला? गेम चांगला असेल तर कुठल्याही डब्यावर चालेल. सेगाने डबा सोडला म्हणून सेगा वाचलं. आता मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्स सोडून द्यावा."

सेगाचं काय झालं ते त्याला पूर्ण माहीत नव्हतं, मलाही अर्धवटच माहीत होतं. मशीन आल्यावर वाचून काढलं. १९९४ च्या एकाच नोव्हेंबर महिन्यात सेगाने अमेरिकेत जुन्या मशीनला जोडायचं ३२एक्स विकायला काढलं आणि जपानमध्ये सॅटर्न हे अख्खं नवीन मशीन. ज्याने ३२एक्सला पैसे घातले तो बिचारा काही महिन्यांत बावळट ठरला. मग मे १९९५ मध्ये अमेरिकेत सॅटर्न कुणाला न सांगता ठरल्याच्या आधीच बाजारात आणलं, ३९९ डॉलरला, आणि तेही निवडक दुकानांतच. ज्या दुकानदारांना माल दिला नाही ते खवळले. ज्या ई३ प्रदर्शनात सेगाने हे जाहीर केलं, तिथेच सोनीने आपल्या प्लेस्टेशनसाठी फक्त एक आकडा सांगितला: २९९. व्यापारी माणसाला यापुढचं सांगायला नको. दुकानदार नाराज, गिऱ्हाईक सावध, आणि समोरचा शंभर डॉलरने स्वस्त.

ड्रीमकास्ट ही त्या पडझडीतून वर यायची शेवटची उडी होती, आणि उडी चांगली होती. ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत १९९ डॉलरला आलं, पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख मशीनं गेली. पण मार्च २००० मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ आलं, आणि त्यात डीव्हीडी चालायची. घरातल्या बाईमाणसाला गेम नको असेल तरी सिनेमा हवा असतो, हे सोनीला कळलं. त्यातून ड्रीमकास्टच्या एका त्रुटीमुळे सीडीवर कॉपी केलेले गेम मशीनमध्ये काही न बदलता चालायचे. मोठ्या अमेरिकन गेम कंपन्यांपैकी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तर ह्या मशीनसाठी एकही गेम दिला नाही. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं, मार्चअखेर उत्पादन बंद. विकली गेली ती ९१ लाख. प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या वर गेलं.

ह्या गोष्टीत एक माणूस माझ्या मनात घर करून बसलाय. इसाओ ओकावा, सेगाचे तेव्हाचे अध्यक्ष. म्हातारे, आजारी. त्यांनी कंपनीला दिलेलं स्वतःचं कर्ज माफ केलं आणि आपले शेअर्स देऊन टाकले, सगळं मिळून साधारण ८५ अब्ज येन. मार्च २००१ मध्ये ते गेले. डबा बंद करा असं मत त्यांचं आधीपासूनचं होतं म्हणतात. म्हणजे जे बंद व्हावं असं वाटत होतं, त्याच्या उत्तरक्रियेचा खर्चही स्वतःच दिला.

भाचा म्हणतो, बघा, सोडल्यावर भलं झालं ना. झालं, नाही कुठे म्हणतो. २००१ संपायच्या आत सेगाचा लाडका नायक सोनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूब मशीनवर होता. दहा वर्षं ज्याच्याशी जाहिरातीत शिव्याशाप चालले त्याच्याच घरी पाहुणा. २००४ मध्ये सेगा आणि सॅमी ह्या कंपन्या एका छत्राखाली आल्या, पुढे २०१३ मध्ये अॅटलस कंपनीचे गेम हाती आले, याकुझा ह्या गेमची मालिका जगभर चालली. कंपनी आज जिवंत आहे, बरं चाललंय.

पण हिशेब नीट मांडला पाहिजे. डबा विकणारा डब्यावर सहसा फारसं कमावत नाही, कधी कधी तोट्यातही विकतो. कमाई होते ती दुसऱ्यांनी त्या डब्यासाठी बनवलेल्या गेमवर. आजकालच्या ऑनलाइन दुकानांत साधारण तीस टक्के. डबा सोडला की हे तीस टक्के घेणारा तू, देणारा होतोस. नवी पेठेत स्वतःचं दुकान असणं आणि दुसऱ्याच्या दुकानात फळी भाड्याने घेणं यात जो फरक, तोच. फळीवर माल खपू शकतो, भरपूर खपू शकतो. पण फळी कुठल्या भिंतीला लावायची, दुकान किती वाजता उघडायचं, समोर कुणाचा माल मांडायचा, हे दुसरा ठरवतो.

आणि उलटं उदाहरण निन्टेन्डोचं. २०१२ मध्ये त्यांनी वी यू काढलं, कंट्रोलरमध्येच मोठा पडदा असलेलं. सपशेल आपटलं. आधीचं वी दहा कोटींच्या वर गेलेलं, हे जेमतेम १ कोटी ३५ लाख. जानेवारी २०१४ मध्ये त्या वर्षाचा विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला. तेव्हा शेअर बाजारातला जो तो सांगत होता: डबा सोडा, मारिओ फोनवर आणा. पुढे फोनवर त्यांनी थोडंफार आणलंही. पण डबा सोडला नाही. वी यूमधली हातातल्या पडद्याची कल्पना घेतली, घासली, पुसली, आणि मार्च २०१७ मध्ये स्विच हे मशीन आलं. पंधरा कोटींच्या वर. इवाता ते बघायला नव्हते, जुलै २०१५ मध्येच गेले.

मी भाच्यासमोर व्हीएमयू धरला आणि म्हटलं, हा बघ, हातातला पडदा. ज्या कल्पनेचं स्विच झालं तिचं आजोबा हे. सेगाकडे आणखी पाच वर्षं आणि थोडे पैसे असते तर काय बनवलं असतं कोण जाणे. तो म्हणाला, "मामा, पैसे नव्हते हाच तर मुद्दा आहे." ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पोरगं हुशार आहे.

आता मायक्रोसॉफ्ट. ड्रीमकास्टच्या तोंडावर, कंट्रोलरच्या भोकांच्या ओळीत, बारीक अक्षरांत विंडोज सीईचं नाव छापलंय. मला आधी ते दिसलंच नव्हतं, भाच्यानेच दाखवलं. सेगाने गेमवाल्यांना मायक्रोसॉफ्टची ही प्रणाली वापरायची मुभा दिली होती, वापरली फार कमी जणांनी. २००१ साली सेगा बाहेर पडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्ट स्वतःचं एक्सबॉक्स घेऊन आत शिरलं. सेगाचं मशीन बंद होत असल्याची बातमी अमेरिकेत सांगणारे पीटर मूर दोन वर्षांनी एक्सबॉक्सकडेच कामाला गेले. आणि आज तेच एक्सबॉक्स त्याच उंबऱ्यावर उभं आहे. किती मशीनं विकली हे सांगणं त्यांनी २०१५ पासून बंद केलंय. तोंड कधी मिटतं ते आपल्याला ठाऊक आहे. २०२४ मध्ये चार गेम इतरांच्या डब्यांवर दिले. २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर हे त्यांचे गेम प्लेस्टेशनवर गेले. आणि हेलो, ज्याच्या जोरावर पहिलं एक्सबॉक्स विकलं गेलं ते हेलो, सोनीच्या मशीनवर येणार हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याच महिन्यात वर्गणी भरून गेम खेळायच्या त्यांच्या गेम पास सेवेतल्या सगळ्यात वरच्या वर्गणीचे अमेरिकेत महिन्याला ३० डॉलर झाले.

इथे मी भाच्याच्या बाजूने आहे, आणि हे त्याला आवडलं नाही, कारण त्याला भांडायचं होतं. माझी कसोटी एकच. तुझ्या डब्यामुळे तुझ्या गेममध्ये असं काय आहे जे दुसऱ्याच्या डब्यात आणताच येणार नाही? निन्टेन्डोकडे उत्तर असतं, कधी ते फसतं तरी असतं. सेगाकडे २००१ मध्ये होतं, व्हीएमयू माझ्या खिशात आहे. मायक्रोसॉफ्टच्या डब्यात काय आहे? ताकदवान, सुबक, शांत मशीन, आणि त्यातलं जवळजवळ सगळं कॉम्प्युटरवर तसंच्या तसं चालतं. म्हणजे त्यांनी डबा मनाने कधीच सोडलाय, फक्त गोदामात माल शिल्लक आहे. तर मग सांगून टाका. ज्याने चौतीस हजार नऊशे नव्वद मोजून छोटं एक्सबॉक्स घेतलंय त्याला कळू दे, पुढच्या वेळी कुठे पैसे घालायचे.

हे मी इतक्या ठासून का सांगतोय, तर आम्हीही डबा सोडलेले लोक आहोत.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे आठ माग होते, नक्षी विणणारे, जॅकार्डचे. २०१२ मध्ये अप्पांनी विकले. विकले म्हणजे कसे, किलोवर. भंगारवाल्याने वजनकाटा आणला आणि एक एक माग त्यावर गेला. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या मागांवर चादरी विणून घेतो, आमचं लेबल लावतो आणि हैदराबाद, विजापूर, कलबुर्गीला पाठवतो. कामगार नाहीत, बोनसची बोलणी नाहीत, विजेचं बिल नाही, सुताचा बीम वेळेवर न आल्याची ओरड नाही. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या त्या भट्टीत उभं राहणं नाही. अप्पा सांगतात की माग गेल्यावर त्यांना तीस वर्षांनी पहिल्यांदा सलग झोप लागली. खोटं नसणार. धंदा आधीपेक्षा वाईट नाही, उलट दोन पैसे जास्तच.

पण एक गोष्ट गेली. पूर्वी एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, काठ जरा रुंद करा आणि मोर उलट तोंडाचा करा," तर अप्पा रात्री भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलून घ्यायचे, एका मागावर हातभर नमुना काढायचे आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या मांडीवर टाकायचे. दहातले सात नमुने फुकट जायचे. उरलेल्या तिनांवर आमचं घर चाललं. आता मला नवीन काठ हवा असेल तर मी दुसऱ्या कारखानदाराला फोन करतो. तो चांगला माणूस आहे, पण तो म्हणतो, "पाचशेची ऑर्डर असेल तर बोला." नमुन्यासाठी कोण माग थांबवणार? मग मी म्हणतो राहू दे, मागचाच काठ द्या. गेल्या बारा-तेरा वर्षांत आमच्या लेबलखाली खरं म्हणजे एकही नवीन नक्षी निघालेली नाही. गिऱ्हाइकाच्या ते लक्षात आलेलं नाही. पानिपतचं गुबगुबीत ब्लँकेट शेजारी स्वस्तात मिळत असताना काठाकडे बघतो कोण.

अप्पांना मी एकदा विचारलं, माग विकले ते बरोबर केलं का. ते म्हणाले, "विकले नसते तर तू वर बसून हे खेळला असतास का?" आणि चहा मागवला.

असो. परीक्षण लिहितोय, रडगाणं नव्हे.

घ्यावं का? मुलांसाठी घेऊ नका, त्यांना काडी एकच का म्हणून राग येतो. घरात नुसता सपाट टीव्ही असेल तरी घेऊ नका, चित्र फिकट आणि ताणलेलं दिसतं. जुना मॉनिटर मिळत असेल, ट्रान्सफॉर्मर बांधणारे चाचा ओळखीचे असतील आणि कुणी जपानला जाऊन येणार असेल, तर जरूर घ्या. लेन्स कधीतरी दगा देणारच. हल्ली तिच्या जागी एसडी कार्डाची पाटी बसवून मिळते, खडखड संपते. मी बसवलेली नाही. अप्पांनी परवा पुन्हा विचारलं, आज आवाज कसा नाही आला. मी खेळलोच नव्हतो.

एकूण खर्च: मशीन चार हजार, ट्रान्सफॉर्मर साडेसहाशे, केबल नऊशे, व्हीएमयूचे दोन सेल ऐंशी रुपये. ते सेल दोनेक महिन्यांत संपतात आणि पुन्हा पीं सुरू होतं. काकूंना आता सवय झाली आहे.

भाचा रविवारी येतो, म्हणतो हे जुनाट आहे, आणि टॅक्सीच्या गेममध्ये त्याने माझा आकडा दोनदा मोडलाय. ह्या वेळी येताना त्याने मला न सांगता सोल्डरिंगची कांडी आणि घड्याळाची नवी बॅटरी आणली होती. मशीन उघडायला त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, आणि मी म्हटलं थांब. बॅटरी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. संध्याकाळी मशीन लावलं, २७ नोव्हेंबर १९९८ आलं, त्याने ए दाबला.